साहेब आणि लाइन यांच्या मधोमध: नव्या शिफ्ट इनचार्जने रोजचं काम कसं निभवावं

चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव. यांपैकी कुठल्याही एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात शिरलात की एक माणूस हमखास दिसतो. एका हातात प्रॉडक्शनचा कागद, दुसऱ्या हातात वाजणारा फोन. फोनवर प्लांट हेड, समोर ऑपरेटर, शेजारी होल्डचं (माल रोखून ठेवल्याचं) लाल कार्ड घेऊन उभा क्वालिटीवाला. तो शिफ्ट इनचार्ज. बहुतेकदा काल-परवापर्यंत तो स्वतःच मशीनवर उभा होता.

मी मशीन शॉपमध्ये चौदा वर्षं काढली, त्यातली नऊ शिफ्ट इनचार्ज आणि पुढे सेक्शन हेड म्हणून. मला हे काम कुणी शिकवलं नाही. बढतीचं पत्र मिळालं, ओटी (जादा तासांचे पैसे) बंद झाली आणि दुसऱ्या दिवसापासून अठ्ठावीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी इथे क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट आधी. या जागेवर तुमच्याकडे फार अधिकार नसतात. पगारवाढ तुमच्या सहीने होत नाही, नवीन मशीन तुमच्या सहीने येत नाही, माणूस ठेवणं-काढणंही तुमच्या हातात नसतं. तुमच्याकडे असतो तो तुमचा शब्द: साहेबांना दिलेला आकडा आणि लाइनवर दिलेलं आश्वासन. हा शब्द खरा ठरत गेला की दोन्हीकडून वाट मिळते. एकदा तो खोटा पडायला लागला की ओरडूनही काम होत नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीला मी हाच प्रश्न लावतो: आपण शब्द कुणाला, कशाच्या जोरावर देतो आहोत?

पहिले पंधरा दिवस

काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांनाच आज काम सांगायचं असतं. इथे दोन चुका होतात. काही जण एका रात्रीत बदलतात, कालच्या मित्राने 'अरे' म्हटलं तर कपाळाला आठ्या घालतात. काही जण उलट, मित्र दुखावतील म्हणून त्यांना हलकं मशीन आणि सकाळची पाळी देत राहतात. दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण ती उरलेल्या पंचवीस जणांना पहिल्याच आठवड्यात दिसते.

कँटीनमध्ये बसायची जागा सोडू नका, पण रोज त्याच तिघांबरोबर बसू नका. 'अरे' म्हणणाऱ्याला म्हणू द्या. वयाने मोठ्या ऑपरेटरला आजवर 'मामा' म्हणत असाल तर इनचार्ज झाल्यावरही मामाच म्हणा. मान संबोधनातून कमी आणि पाळ्यांच्या यादीतून जास्त मिळतो.

मग प्रत्येकाला त्याच्या मशीनजवळ पाच-सात मिनिटं भेटा. केबिनमध्ये बोलावू नका, तिथे माणूस आखडतो. तीन गोष्टी विचारा. मशीनचा असा कुठला त्रास आहे, जो अनेकदा सांगूनही सुटलेला नाही? आणखी कुठलं मशीन शिकायचं आहे? आणि घरचं असं काही आहे का, जे मला माहीत असायला हवं? शेवटच्या प्रश्नाला काही जण गप्प राहतील, त्यांना खोदून विचारू नका. पण कुणाच्या आईचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवारी असतं, कुणी संध्याकाळी डिप्लोमा करतो, हे कळलं की पाळ्या लावताना निम्मे वाद उगवतच नाहीत. हे सगळं वहीत लिहा. वही स्वतःपाशी ठेवा, टेबलावर टाकू नका.

या यादीतला एक जुना, छोटा त्रास निवडा आणि पंधरा दिवसांत सोडवा. माझ्या वेळी एका मशीनच्या गार्डची काच तडकली होती आणि ऑपरेटरच्या बाहीवर दिवसभर कूलंट उडायचं. आठ महिने तक्रार पडून होती. मी स्टोअर आणि मेंटेनन्सकडे चार फेऱ्या मारल्या, काच बदलली. त्यानंतर लोक मला खऱ्या अडचणी सांगायला लागले.

सगळ्यात नाजूक माणूस म्हणजे ज्याला ही जागा मिळेल असं त्याला आणि सगळ्यांना वाटत होतं. त्याला टाळू नका. पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन स्पष्ट बोला: "ही जागा तुलाही मिळू शकली असती, हे मला माहीत आहे. मला तुझी मदत लागणार आहे. कामाचं माप मात्र सगळ्यांना एकच राहील." आणि नुसतं बोलून थांबू नका, त्याला एखादी खरी जबाबदारी द्या. मी अशा एका सेटरकडे (मशीन कामासाठी लावून देणाऱ्याकडे) नव्या ट्रेनींना सेटिंग शिकवण्याचं आणि 'हा तयार झाला' हे ठरवण्याचं काम दिलं. त्याने 'नाही' म्हटलं तर मीही त्या ट्रेनीला मशीनवर सोडत नसे.

पाळी ताब्यात घेताना

पाळी सातला सुरू होत असेल तर पावणेसातला शॉपमध्ये असा. आधीच्या इनचार्जकडून चार्ज मशीनजवळ उभं राहून घ्या. कागदावर 'सर्व ठीक' लिहिलेलं असतं, आणि सव्वासातला कळतं की चार नंबरच्या मशीनवर शेवटचं इन्सर्ट (टूलची धातू कापणारी, बदलता येणारी धार) उरलं आहे आणि स्टोअर नऊला उघडतं.

पाच गोष्टी बघितल्याशिवाय सही करू नका: कुठलं मशीन कुरकुरतंय, कच्चा माल आणि टूल किती वेळ पुरेल, होल्डवर काय आहे आणि कशामुळे, कोण येणार नाही, आणि कुठलं काम अर्धवट सोडलं आहे. दहा मिनिटं लागतात. आपली पाळी सोडतानाही पुढच्याला इतक्याच सरळपणे सांगा. लपवलेला बिघाड पुढच्या पाळीत सापडला की तिथून 'मागच्या शिफ्टने केलं' हा खेळ सुरू होतो, आणि महिनाभरात दोन्ही इनचार्ज साहेबांच्या नजरेतून उतरतात.

पाळीच्या सुरुवातीची उभ्या-उभ्याची मीटिंग पाच मिनिटांत संपवा. आजचा आकडा, काल काय रिजेक्ट झालं, आज कुठे हात सांभाळायचा. बस. माणसं ताजी असतात, तेव्हा भाषण देऊन त्यांचा उत्साह वाया घालवू नका.

तासाच्या बोर्डावर आकड्याबरोबर कारण लिहून घेण्याची सवय लावा. 'मशीन बंद' हे कारण नाही. '१०:२० ते १०:४५, तीन नंबरचा चक (नग पकडणारा भाग) उघडेना, प्रेशर स्विच बदलला' हे कारण. असे तीस दिवसांचे बोर्ड तुमच्याकडे असतील तर नवीन स्विचची मागणी करताना आवाज चढवावा लागत नाही.

वरून आलेला आकडा

आता या कामाच्या गाभ्याकडे येऊ. सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणतात, "आज सहाशे नग पाहिजेत." तुमच्या मनात पाचशे असतात. अशा वेळी बहुतेक जण "हो साहेब, बघतो" म्हणून बाहेर पडतात आणि लाइनवर जाऊन सहाशेचा पाढा वाचतात. संध्याकाळी चारशे नव्वद होतात. साहेबांच्या लेखी तुम्ही कामचुकार, लाइनच्या लेखी तुम्ही साहेबांचा पोपट.

मीटिंगला जाण्याआधी हिशोब करून जा. एक उदाहरण घेऊ. पाळी आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटं. जेवण ३० आणि दोन चहा १०-१० मिनिटांचे, उरली ४३०. टूल दोनदा बदलावं लागतं, दर वेळी १२ मिनिटं, उरली ४०६. एका नगाला ४८ सेकंद लागत असतील तर ५०७ नग. रिजेक्शन दीड टक्का धरलं तर चांगले नग ५००. आजच्या परिस्थितीत मशीन इतकंच देऊ शकतं, माणसाने कितीही घाम गाळला तरी.

पण 'पाचशेच होतील' एवढं सांगून गप्प बसलात तर तेही अर्धवट. सहाशेला काय लागेल ते सांगा. जेवण आणि चहाच्या वेळी मशीन चालू ठेवायला बदली ऑपरेटर दिला तर त्या ५० मिनिटांत साधारण ६१ चांगले नग वाढतात. टूल आधीच प्रीसेट करून (मापाला लावून) ठेवलं आणि बदल १२ ऐवजी ५ मिनिटांत झाला तर दोन वेळचे १४ मिनिटं वाचतात, म्हणजे १७ नग. झाले ५७८. उरलेल्या २२ नगांना १८ मिनिटं जास्त मशीन चालवावं लागेल. आता तुम्ही म्हणू शकता: "साहेब, पाचशेचा शब्द आत्ता देतो. बदली माणूस आणि टूल रूमकडून प्रीसेट टूल दहापर्यंत मिळालं तर पाचशे अठ्ठ्याहत्तर. सहाशे हवेत तर वीस मिनिटांची ओटी मंजूर करा." साहेबांना नकार मिळाला नाही, निवड मिळाली. मी नऊ वर्षांत पाच साहेब पाहिले. त्यातला एकच असा होता, ज्याने या हिशोबानंतरही आवाज चढवला. पण आठवडाभर आकडा बरोबर येत गेल्यावर तोही विचारायला लागला, "तुझा हिशोब काय म्हणतो?"

दुसरी बाजू म्हणजे कमी पडणार हे कळताक्षणी सांगणं. साडेनऊला मशीन बंद पडलं आणि पावणेदहाला तुम्ही पीपीसीला (उत्पादनाचं नियोजन करणाऱ्या विभागाला) कळवलंत, तर ते डिस्पॅचची गाडी पुढे ढकलतील, दुसरा पार्ट आधी पाठवतील, ग्राहकाशी बोलतील. तीच गोष्ट साडेतीनला सांगितलीत तर कुणाच्याच हातात काही उरलेलं नसतं, आणि राग सगळा तुमच्यावर निघतो. 'होऊन जाईल' हे शब्द मी वापरायचे सोडले. त्या जागी 'किती वाजता किती' एवढंच सांगतो.

ओटीबद्दल थोडं. ठरलेल्या तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दर ही १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनची तरतूद आहे आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. 'आज थांब, मग सी-ऑफ (बदल्यात सुट्टी) देतो' असं तोंडी आश्वासन एचआरला विचारल्याशिवाय देऊ नका. कधीतरी ते पाळता येणार नाही आणि हिशोब तुमच्या नावावर राहील. शक्य तेव्हा आदल्या दिवशी विचारा, यादी फिरती ठेवा, आणि थांबणाऱ्याच्या जेवणाची व बसची सोय झाली आहे का ते स्वतः बघा. रात्री साडेबाराला चाकण चौकात वाहनाची वाट बघत उभा राहिलेला माणूस पुढच्या वेळी थांबत नाही.

सुट्ट्या

टार्गेटपेक्षाही जास्त कडवटपणा सुट्टीवरून येतो. माझी सगळ्यात मोठी चूकही इथलीच.

आषाढी वारीचे दिवस होते. एका ऑपरेटरने चार दिवस मागितले. वडिलांबरोबर आळंदीहून माउलींच्या पालखीसोबत निघायचं आणि दिवे घाट चढून सासवडला परत फिरायचं. वडिलांचे गुडघे गेले होते, पुढच्या वर्षी ते चालू शकतील असं वाटत नव्हतं. मी घाईत होतो. चालता चालता म्हटलं, "जा, काढतो मी काहीतरी." लिहून ठेवलं नाही, बदली माणूस बघितला नाही. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी तातडीची ऑर्डर आली आणि मी त्याची सुट्टी रद्द केली. तो कामावर आला. एक शब्द बोलला नाही.

त्यानंतर त्याने माझ्याकडे काहीच मागितलं नाही आणि मला काहीच सांगितलंही नाही. सहा महिन्यांनी त्याच्या मशीनचं स्पिंडल बेअरिंग गेलं, मशीन अकरा दिवस बंद राहिलं. त्याला आवाज तीन आठवडे आधीपासून येत होता. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? "सांगून काय झालं असतं?" एवढंच म्हणाला. त्याचे वडील नंतर वारीला गेले नाहीत. ती गोष्ट मला अजून लागते.

त्यानंतर मी जी पद्धत बसवली ती अशी. वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवर बारा महिन्यांचा एक मोठा तक्ता लावायचा आणि प्रत्येकाने आपल्या महत्त्वाच्या तारखा स्वतः लिहायच्या. आपल्या शॉपमध्ये कोण कुठून आलंय हे त्या तक्त्यावर उमटतं. कोकणातल्यांना गणपती. मराठवाडा-विदर्भातल्यांना मृगाच्या पेरणीचे दिवस आणि पुन्हा सुगी. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा आणि लग्नं. बिहारच्या मुलांना दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येणारी छठ. ईद. आणि पुणे परिसरात ज्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते तिथे एक कायमची अडचण: मुलांची शाळा रविवारी बंद, बापाची सुट्टी गुरुवारी. शाळेचं स्नेहसंमेलन किंवा पालकसभा असली की रविवारचे अर्ज येतात. ते बहाणे नसतात.

मग मर्यादा ठरवा, सगळ्यांसमोर. अठ्ठावीस जणांत एका दिवशी तीन, सणाला चार, याहून जास्त नाही. एकाच दिवसासाठी पाच अर्ज आले तर मागच्या वर्षी ज्यांना मिळाली नव्हती ते आधी. हा नियम साहेबांच्या भाच्यालाही लागू करा, नाहीतर लावूच नका.

मर्यादा वाढवायची असेल तर कोणाला काय येतं याचा तक्ता लागतो. उभ्या ओळीत माणसं, आडव्या ओळीत मशीन, चौकटीत 'शिकतोय', 'एकटा चालवतो', 'शिकवू शकतो'. ज्या मशीनखाली एकच नाव आहे, त्या माणसाच्या सुट्टीवर तुमची झोप अवलंबून असते. दर महिन्याला अशा एका मशीनवर दुसरा माणूस तयार करा. ऑडिटसाठी हा तक्ता बहुतेक ठिकाणी भिंतीवर असतोच, पण सुट्टी देताना तो कुणी बघत नाही.

अर्जाला दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर द्या. उत्तरं तीनच: हो, नाही, किंवा 'शुक्रवारी सांगतो'. शुक्रवार म्हटलंत तर शुक्रवारी स्वतः त्याच्याकडे जा. दिलेली सुट्टी मोडण्याची वेळ आलीच, तर निरोप पाठवू नका. समोर जाऊन कारण सांगा, त्याची गाडीची तिकिटं गेली असतील तर कंपनीकडून काही करता येतं का ते साहेबांशी भांडून बघा, आणि बदल्यात कुठली तारीख देताय ते त्याच्यासमोर तक्त्यावर लिहा. आणि काही सुट्ट्या मोडूच नका. कुणाचे वडील शेवटचं चालणार असतील तर ऑर्डर कशी पुरी करायची ते आपण बघायचं.

चूक सापडते तेव्हा

एक तरुण ऑपरेटर माझ्याकडे आला. इन्सर्टची कड तुटली होती आणि बोअर (नगातलं भोक) वीस मायक्रॉनने मापाबाहेर जाऊन चाळीस नग वाया गेले होते. तो स्वतःहून सांगायला आला होता. मी सगळ्यांसमोर त्याला फाडून खाल्लं. तीन महिन्यांनी पुन्हा तसंच झालं, या वेळी त्याने सांगितलं नाही. नग ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर पोहोचले. आमची चार माणसं दोन रात्री ग्राहकाच्या गोदामात गेज (माप तपासायचं साधन) घेऊन नग वेगळे करत बसली, त्यात मीही होतो. तिथे बसल्या बसल्या मला कळलं की चूक लपवायला मीच शिकवलं होतं.

त्यामुळे क्रम पक्का ठेवा. कुणी येऊन सांगितलं की पहिलं वाक्य: "बरं झालं सांगितलंस." मग मशीन थांबवा. शेवटचा चांगला नग कधी तपासला होता ते विचारा आणि त्यानंतरचा सगळा माल होल्डवर टाका: मशीनजवळचा, पुढच्या ऑपरेशनवरचा, धुलाईतला, पॅकिंगमधला, गाडीत चढलेला. गाडी निघाली असेल तर लगेच क्वालिटी हेडला फोन करा. ग्राहकाला आपण सांगणं आणि ग्राहकाने आपल्याला सांगणं यात फार फरक आहे. हे सगळं झाल्यावर कारण शोधायला बसा.

कारण शोधताना 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहून मोकळं होऊ नका. कुठलाही जाणकार ऑडिटर ते स्वीकारत नाही, आणि त्याने पुढची चूक थांबतही नाही. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी रुळवलेली 'का' पाच वेळा विचारण्याची रीत इथे खरंच उपयोगी पडते. बोअर मापाबाहेर का गेला? कड तुटली. कळलं का नाही? दर पन्नास नगांनी तपासणी होती, मधले नग कुणी बघत नव्हतं. कड आधीच का तुटली? इन्सर्ट ठरलेल्या आयुष्यापेक्षा जास्त चालवलं. का? नवीन मिळालं नव्हतं. का? स्टोअरमध्ये किमान साठ्याची पातळीच ठरलेली नव्हती. इतकं खोल गेल्यावर उपाय ऑपरेटरच्या कानापाशी न राहता स्टोअरच्या रॅकवर जातो.

आता, खरोखरच हलगर्जी करणारेही असतात. गेज न लावता तक्त्यात माप भरणारा, गार्ड उघडा ठेवून मशीन चालवणारा. त्याच्याशी एकट्यात बोला आणि नेमकं बोला. "तू नेहमी असंच करतोस" याला उत्तर नसतं. "काल दोन ते तीनमध्ये तक्त्यात पाच मापं आहेत, पण गेज तर कॅलिब्रेशनला गेलं होतं. मग मापं आली कुठून?" याला उत्तर द्यावंच लागतं. पहिल्यांदा बोला, दुसऱ्यांदा वहीत तारीख टाकून त्याला दाखवा, तिसऱ्यांदा एचआरकडे लेखी द्या. वर्षभर गप्प बसायचं आणि अप्रेझलच्या वेळी सगळं एकदम काढायचं, हे अन्यायाचं आहे. गार्डच्या बाबतीत मात्र पहिल्या वेळीच मशीन बंद करा. तुटलेलं बोट कुठल्याही डिस्पॅचने परत येत नाही.

बाकीचे विभाग

मेंटेनन्सवाल्याला 'मशीन खराब आहे, लवकर या' असा फोन करू नका. कुठला आवाज, कुठल्या अक्षावर, कधीपासून, अलार्म नंबर काय, हे सांगा. तो योग्य सामान घेऊन येतो आणि एक फेरी वाचते. बदल्यात, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्ससाठी (बिघाड होण्याआधीच्या देखभालीसाठी) मशीन अमुक वाजता देतो म्हणालात तर त्या वेळी द्या. आपण चार वेळा पुढे ढकललं आणि पाचव्यांदा मशीन बंद पडलं, तर त्याच्यावर ओरडायला तोंड राहत नाही.

क्वालिटीवाल्याकडे तोंडी सूट मागू नका. 'जाऊ दे रे, चालतं असेंब्लीत' म्हणून पाठवलेला माल उद्या परत आला की दोघंही अडकतात. सूट हवीच असेल तर डेव्हिएशनच्या (ठरलेल्या मापातल्या फरकाला परवानगी देणाऱ्या) कागदावर, अधिकार असलेल्या माणसाच्या सहीने.

ठेक्यावरची माणसं

एकाच लाइनवर कायम कामगार, ठेक्यावरचे, अप्रेंटिस आणि ट्रेनी उभे असतात. काम जवळपास तेच, पगारात मोठी तफावत. ती तुम्ही मिटवू शकत नाही, आणि मिटवतो असा शब्दही देऊ नका. 'चांगलं काम कर, कायम करून घेतो' हे वाक्य मी अनेक इनचार्जच्या तोंडून ऐकलं. ते खोटं असतं, आणि त्या वाक्यावर वीस-बावीस वर्षांची मुलं लग्नं ठरवतात.

तुमच्या हातात आहे ते करा. त्यांना नावाने हाक मारा, 'ए हेल्पर' नको. सुरक्षेचे बूट, हातमोजे, गॉगल त्यांनाही मिळतात का ते बघा. जड आणि घाण काम नेहमी त्यांच्याच वाट्याला येऊ देऊ नका. आणि दर महिन्याची सात तारीख उलटली की विचारा, पगार झाला का? झाला नसेल तर एचआरला त्याच दिवशी लेखी कळवा. ठेकेदाराने वेतन थकवलं तर ते देण्याची जबाबदारी कायद्याने शेवटी मूळ कंपनीवरच येते, त्यामुळे ही बातमी वेळेवर वर पोहोचवणं कंपनीच्याही हिताचं आहे.

ज्या गोष्टी आपण मिटवायच्या नाहीत

मधल्या माणसाला सगळं आपल्यापाशीच मिटवायची सवय लागते. तीन बाबतींत तो मोह आवरा. एखाद्या बाईने लैंगिक छळाची तक्रार सांगितली तर 'मी त्याला समजावतो' म्हणू नका. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. तिचं ऐकून घ्या, समितीपर्यंत कसं जायचं ते सांगा, सोबत हवी असेल तर द्या आणि लाइनवर त्याची चर्चा करू नका. दुसरं, जातीवरून झालेली शिवीगाळ. त्याला 'गंमत' म्हणू नका, त्याच दिवशी लेखी वर कळवा. तिसरं, अपघात, कितीही किरकोळ असो. 'घरी लागलं असं सांग' असा सल्ला चुकूनही देऊ नका. नोंद त्याच पाळीत करा, नाहीतर नुकसानभरपाईचा हक्क त्या माणसाच्या हातून जाऊ शकतो.

साहेबांशी बोलताना

वाईट बातमी मीटिंगमध्ये पहिल्यांदा सांगू नका. मीटिंगच्या पाच मिनिटं आधी फोन करा, म्हणजे साहेबांना त्यांच्या साहेबांसमोर तोंडघशी पडावं लागत नाही. जिन्यात, पार्किंगमध्ये मिळालेली सूचना लगेच मेसेजने पक्की करा: "साहेब, बोलल्याप्रमाणे आज दुपारपासून दोन नंबरच्या मशीनवर जुना पार्ट बंद करून नवीन लावतो." यात अविश्वास नाही. दोघांच्याही डोक्यात तीच गोष्ट आहे, याची खात्री आहे.

न पटलेला निर्णय लाइनवर नेताना 'वरून आलंय, मी काय करू' असं म्हणण्याचा मोह होतो. तेवढ्यापुरती सहानुभूती मिळते, पण मग लोक म्हणतात, याच्या हातात काही नाही तर याचं ऐकायचं कशाला? जेवढं कारण माहीत आहे तेवढं सांगा, जे माहीत नाही ते विचारून येतो म्हणा, आणि खरंच विचारून या.

कधीतरी कुणी सांगेल की रिपोर्टमध्ये माप बसवून दे. तेव्हा वाद घालत बसू नका. "ही मापं मी घेतलेली नाहीत, त्यामुळे सही करता येणार नाही. पार्ट पुन्हा मोजायला दोन तास लागतील, लावू का?" इतकंच म्हणा. मी दोनदा असं म्हटलं. दोन्ही वेळा पार्ट मोजले गेले.

तुमच्या मागे कोण

एक माणूस असा तयार करा, जो तुम्ही नसताना पाळी चालवेल. महिन्यातून एक दिवस तुम्ही शॉपमध्ये असतानाच त्याला चार्ज द्या, तुम्ही बाजूला राहा. सकाळच्या मीटिंगला त्याला न्या, हिशोब त्याला मांडू द्या. चुकेल, चुकू द्या.

मग स्वतः सुट्टी घ्या. जाताना वहीतलं जे त्याला लागेल ते एका कागदावर उतरवून द्या: कुठलं मशीन, कुठला माल होल्डवर, कुणाला शुक्रवारी उत्तर द्यायचं कबूल केलंय. कोणत्या तीन गोष्टींसाठीच फोन करायचा ते ठरवा: अपघात, ग्राहकाची तक्रार, लाइन दोन तासांहून जास्त बंद. बाकी निर्णय त्याचे. परत आल्यावर त्याने घेतलेला एखादा निर्णय पटला नाही तर पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तो फिरवू नका. त्याने कुणाला सुट्टी कबूल केली असेल तर ती सुट्टी त्या माणसाला मिळालीच पाहिजे, मग तुम्हाला स्वतःला मशीनवर उभं राहावं लागलं तरी चालेल.